चालत नाही ते मांडायचे नाही?

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आठवीतला एक मुलगा शिक्षक-खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात पुठ्ठ्याचे खोके, त्यात छोटी मोटर, दोन बॅटऱ्या आणि वायरींचा गुंता. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा आणि पाणी उतरले की पुन्हा सुरू व्हावा, अशी त्याची कल्पना. बंद होत होता. पुन्हा सुरू मात्र होत नव्हता, कारण पाणी उतरले तरी तरंगणारा चेंडू वरच अडकून राही. "सर, हे टेबलावर ठेवू की घरी नेऊ?" मी म्हणालो, घरी ने. आपल्या प्रदर्शनाच्या पत्रकात तसे छापलेलेच आहे, 'फक्त चालू स्थितीतील मॉडेल स्वीकारली जातील.' तो निमूटपणे गेला. त्या दिवसापासून मला चुटपुट लागून राहिली आहे, म्हणून हे लिहितो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला अशा एका यंत्राची गोष्ट सांगतो, जे दुकानात कधी आलेच नाही.

त्यासाठी आधी व्हिडिओ कॅसेट म्हणजे काय ते घरी आई-बाबांना विचारा. इंदूरच्या आमच्या गल्लीत १९८० च्या दशकात व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने यायचा. वर्गणी काढून तीन सिनेमे आणायचे आणि पहाटेपर्यंत बघायचे. कॅसेटच्या फितीचा स्वभाव एकच, ती सरळ पुढे जाते. मधला प्रसंग हवा असेल तर फीत गुंडाळत बसा! नायकाने डावीकडे न जाता उजवीकडे जावे असे तुम्ही कितीही ओरडलात तरी तो डावीकडेच जाणार.

अमेरिकेत साधारण त्याच काळात काही जणांच्या मनात आले, की हा नायक प्रेक्षकाच्या सांगण्यावरून उजवीकडे का जाऊ नये? 'अटारी' कंपनीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांची तेव्हा 'अ‍ॅक्सलॉन' नावाची कंपनी होती. तिथे टॉम झिटो यांच्या पुढाकाराने हे काम सुरू झाले. झिटो मूळचे पत्रकार. 'पिटफॉल' या गाजलेल्या खेळाचे कर्ते डेव्हिड क्रेन आणि 'डेमन अटॅक'चे रॉब फुलॉप हेही त्यात होते. पैसा पुरवला खेळणी बनवणाऱ्या 'हॅस्ब्रो' कंपनीने. यंत्राचे गुप्त नाव 'निमो', बाजारासाठी ठरलेले नाव 'कंट्रोल-व्हिजन'.

आता त्यांनी केलेली युक्ती नीट समजून घ्या, कारण मला तिचेच कौतुक आहे. फितीला उडी मारता येत नाही, हे त्यांना बदलता येण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांनी एकाच फितीवर अनेक चित्रपट एकमेकांत विणले. समजा चार पुस्तके घेतली आणि त्यांची पाने आळीपाळीने लावून एकच बाइंडिंग केले. पहिले पान पहिल्या पुस्तकाचे, दुसरे दुसऱ्याचे, पाचवे पुन्हा पहिल्याचे. दर चौथे पान वाचत गेलात तर एक गोष्ट सलग मिळते, आणि एक पान सरकलात की दुसऱ्या गोष्टीत शिरता. यंत्र हेच करी. फीत आपली सरळ धावत असे. खेळणाऱ्याने बटण दाबले की यंत्र चित्रांची दुसरी माळ निवडून पडद्यावर दाखवी. फितीला थांबावे लागत नसे की मागे जावे लागत नसे.

आणि या अडचणीतूनच खेळाची कल्पना निघाली. त्यांनी १९८७ मध्ये 'नाइट ट्रॅप' नावाचा खेळ खऱ्या नटनट्यांना घेऊन चित्रित केला. एका घरात निरनिराळ्या खोल्यांत कॅमेरे आहेत, मुली मुक्कामाला आल्या आहेत आणि घरात हल्लेखोर शिरले आहेत. तुम्ही कॅमेरे बदलत पाळत ठेवायची आणि योग्य क्षणी सापळा लावून मुलींना वाचवायचे. पण तुम्ही स्वयंपाकघर बघत असताना दिवाणखान्यात जे घडते ते निसटते, कारण सगळ्या खोल्यांतली वेळ एकाच फितीवर एकदम पुढे जात असते. म्हणजे फितीचा जो दोष होता तोच खेळाचा नियम झाला. 'स्यूअर शार्क' हा दुसरा खेळही त्यांनी असाच चित्रित केला.

हे यंत्र १९८९ च्या सुरुवातीस बाजारात यायचे होते. त्याच्या थोडेच आधी हॅस्ब्रोने काम बंद केले. किंमत सुमारे ३०० डॉलरवर जात होती, आणि शिवाय व्हीसीआर तुमचा तुम्हीच आणायचा! निन्टेन्डोचे यंत्र तेव्हा १०० डॉलरच्या आसपास मिळत होते. माझ्या मते कंपनीचा निर्णय बरोबरच होता. अपयशाला मी इथे हार घालायला बसलेलो नाही. जे विकले जाणार नाही ते व्यापाऱ्याने विकायला काढू नये.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचेच. झिटो यांनी चित्रित झालेल्या खेळांचे हक्क मिळवले आणि त्या फिती गोदामात सांभाळून ठेवल्या. काही वर्षांनी सीडीवरचे खेळ आले तेव्हा 'डिजिटल पिक्चर्स' ही कंपनी काढून १९९२ मध्ये हे दोन्ही खेळ 'सेगा सीडी' यंत्रावर आणले. चित्र लहानशा चौकटीत आणि दाणेदार दिसे, खेळ म्हणून फार थोर होते असेही मी म्हणणार नाही. पण तबकडीला उडी मारता येत असूनही 'नाइट ट्रॅप'चा गाभा तोच राहिला, एकदम चाललेल्या खोल्यांचा, फितीने शिकवलेला.

पालकांसाठी जाता जाता एक गोष्ट. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकन सिनेटच्या सुनावणीत याच खेळावर मुलींवरील अत्याचाराचा ठपका आला, आणि १९९४ मध्ये खेळांवर वयोगट छापण्याची व्यवस्था तिथल्या उद्योगाने सुरू केली. व्यवस्था चांगली झाली. पण खेळात मुलींना वाचवायचे असते, हे त्या गदारोळात बाजूलाच पडले. मुलाच्या हातातला खेळ काढून घेण्याआधी दहा मिनिटे त्याच्या शेजारी बसून बघायला काय हरकत आहे?

असो. विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे, की पुढच्या प्रदर्शनाच्या पत्रकातले ते वाक्य काढावे आणि सभागृहात एक टेबल न चाललेल्या मॉडेलांसाठी ठेवावे. त्या टेबलावर जागा मिळण्याची अट सोपी नको. मॉडेलासोबत वही हवी. काय करायचे होते, कुठे अडले, काय काय करून पाहिले, हे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले हवे. वही नसेल तर मॉडेल घरी. या वह्या रद्दीत न देता ग्रंथालयातल्या कपाटात ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलाला तिथून पुढे सुरुवात करता येईल.

एका सहकाऱ्यांनी यावर आक्षेप घेतला, की बाहेरचे परीक्षक येतात, त्यांच्यासमोर शाळेची शोभा होईल. आक्षेप खोटा नाही. पण यंदा मांडलेल्या चालू मॉडेलांपैकी किती मुलांनी स्वतः केली आणि किती बाजारातून तयार आली, हे आपण शिक्षक आणि पालक दोघेही जाणतो. आठ दिवसांत हमखास चालणारे काहीतरी मांडा म्हटले की मुले तयार वस्तूच आणणार. परीक्षकांनी त्यांतल्याच एका तयार ज्वालामुखीला उत्तेजनार्थ बक्षीस दिले, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

टेबलाचा निर्णय मंडळाच्या बैठकीत होईल तेव्हा होईल. आठवीतल्या त्या विद्यार्थ्याने मात्र आपले खोके अजून टाकून दिले नसेल तर सोमवारी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत घेऊन यावे. चेंडू कुठे अडकतो ते दोघे मिळून बघू. येताना वही आणावी.