वहीत न उरलेले व्यापारी

इतिहास म्हटला की आपल्यासमोर राजे, किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. पेढीवर बसणाऱ्या माणसाला त्यात स्थान मिळालेच, तर ते बहुधा लुटीच्या प्रसंगी. सुरतेचे वीरजी वोरा हे सतराव्या शतकातील एवढे मोठे जैन सावकार, की इंग्रज कंपनीही त्यांच्याकडून कर्ज घेई. परंतु महाराष्ट्रात त्यांचे नाव निघते ते १६६४ च्या सुरतस्वारीच्या संदर्भातच.

व्यापाऱ्याला इतिहासात त्याचे स्वतःचे स्थान मिळवून देणाऱ्या विद्वानांत प्रा. अशीन दासगुप्ता यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. कलकत्त्याचे प्रेसिडेन्सी कॉलेज आणि शांतिनिकेतनची विश्वभारती येथे त्यांनी अध्यापन केले. पुढे ते राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक आणि विश्वभारतीचे कुलगुरूही झाले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. पदांची ही यादी मोठी खरी. पण त्यांची खरी कमाई १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या, सुरतेच्या ऱ्हासावरील ग्रंथात आहे.

या ग्रंथाची साधने कोठली? मुख्यतः डच कंपनीचे दप्तर! आपले प्रतिस्पर्धी कोण, कोणाची जहाजे कोठे गेली, याची टिपणे डच लोक काटेकोरपणे लिहीत. आपल्या व्यापाऱ्यांच्या वह्या मात्र जवळजवळ उरल्याच नाहीत. त्यामुळे सुरतेच्या शेठजींची ओळख दासगुप्तांना परक्यांच्या, तीही पुष्कळदा मत्सरग्रस्त, लेखणीतून करून घ्यावी लागली. असे असूनही त्यांच्या पानांतून जिवंत माणसे भेटतात. बोहरा जहाजमालक मुल्ला अब्दुल गफूर १७१८ मध्ये वारले. त्यांचा नातू महंमद अली याच्या पुढाकाराने १७३२ मध्ये व्यापारी जुलमी मुत्सद्दी सोहराबखानाविरुद्ध उठले आणि त्यांनी त्याला घालवले. यश मोठे होते, पण अल्पायुषी ठरले. नव्या अधिकाऱ्याने महंमद अलीलाच कैद केले आणि कैदेतच त्याचा अंत झाला.

सुरत बुडाली ती युरोपीयांच्या स्पर्धेमुळे, असा सर्वसाधारण समज होता. दासगुप्तांनी वेगळाच हिशेब मांडला. दिल्लीची मोगल सत्ता खिळखिळी झाली, आग्र्याकडून माल आणणाऱ्या वाटा असुरक्षित झाल्या. इराणात सफवी राज्य १७२२ मध्ये कोसळले, येमेनमध्ये यादवी माजली. माल येण्याची आणि खपण्याची ठिकाणे एकदमच ढासळली. (मराठ्यांच्या गुजरातवरील स्वाऱ्याही या असुरक्षिततेचा एक भाग होत्या, हे आपण मान्य केले पाहिजे.) राज्यव्यवस्था ढळली की भांडवल, अनुभव आणि पत असूनही व्यापारी किती असहाय होतो, याचे इतके संयत चित्रण मी अन्यत्र क्वचितच वाचले आहे.

येथे एक विसंगती मनात सलते. आपल्या समाजाने पाटण आणि जैसलमेरच्या ज्ञानभांडारांत ताडपत्रे शतकानुशतके जपली. तीच दक्षता पेढीवरच्या चोपड्यांना लाभली नाही. हिशेब मिटला की त्यांचे काम संपले, असे आपण धरले. कोणाच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या काळची, मोडीत वा महाजनीत लिहिलेली रोजकीर्द किंवा खतावणी असेल, तर ती रद्दीवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी लिपी जाणणाऱ्या अभ्यासकाला दाखवावी, ही विनंती. हुंडी कोणत्या गावावर लिहिली, दुष्काळात कोणाचे व्याज सोडले, हे डच दप्तरात सापडणार नाही.