शिरगणतीतला कावा

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी कॅनडाच्या सरकारने एक अजब शुभवर्तमान दिले : पुढची दोन वर्षे आमच्या देशाची लोकसंख्या वाढणार नाही, उलट दरवर्षी ०.२ टक्के घटेल! दुष्काळ नाही, साथ नाही, युद्ध नाही. मंत्र्यांनी तक्त्यातले आकडे बदलले आणि माणसे वजा झाली. २०२५ साली ५ लाख लोकांना कायम वास्तव्य द्यायचे ठरले होते, ते ३ लाख ९५ हजारांवर आले. तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्यांची संख्या उतरवायचे फर्मान निघाले. आणि उतरवायचे ते कोणाला? कालपरवापर्यंत हाच देश ज्यांना अक्षता देऊन बोलावत होता त्यांना! रांगोळी घालून पान मांडायचे आणि पाहुण्याने पहिला घास उचलला की त्याला उठवायचे, याला आमच्याकडे धोरण म्हणत नाहीत, हलकटपणा म्हणतात.

हिशेब नीट पाहा. २०२३ या एका वर्षात कॅनडात १२ लाख ७१ हजार माणसे वाढली. ३.२ टक्क्यांची अशी वाढ १९५७ नंतर झालेली नव्हती. तीत पाळण्यांचा वाटा नगण्य. जवळजवळ ९८ टक्के भर बाहेरून आलेल्यांची. तिथला जननदर २०२३ मध्ये बाईमागे १.२६ मुलांवर उतरला होता. त्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण कारखान्याला हात हवेत, म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी कर भरणारे हवेत, तेव्हा परक्या आईबापांनी वीस वर्षे खस्ता खाऊन वाढवलेला पोरगा आयता मिळाला तर कोणाला नको आहे? घ्या बापडे! पण घेतल्यावर त्याला आपला म्हणा. नेमके इथेच कावा आहे. वाढलेल्या १२ लाख ७१ हजारांत ८ लाखांहून अधिक माणसे तात्पुरत्या परवान्यावरची होती. शिरगणतीत धरायचे, देशात धरायचे नाही. कर घ्यायचा, मत घ्यायचे नाही. लोकसंख्या वाढली म्हणून मिरवायचे आणि वाढलेल्या लोकांच्या खिशात परतीची तारीख ठेवायची!

यातले सर्वांत हुकमी गिऱ्हाईक म्हणजे विद्यार्थी. २०२३ अखेर शिक्षण परवान्यांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला, त्यांत सर्वाधिक भारतीय. ओंटॅरिओच्या प्रांतिक सरकारने २०१९ मध्ये स्थानिक मुलांची फी १० टक्क्यांनी उतरवली आणि मग गोठवून टाकली. कॉलेजांच्या तिजोरीला पडलेला खड्डा कोणी भरायचा? परदेशी पोरांनी. २०२३-२४ मध्ये पदवीच्या वर्गात स्थानिक मुलाची सरासरी फी सुमारे ७ हजार डॉलर आणि शेजारच्या बाकावरच्या परदेशी मुलाची ३८ हजार. शिवाय जानेवारी २०२४ पासून राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १० हजारांवरून २०,६३५ डॉलर केली, म्हणजे आपले बारा लाखांहून अधिक. पुण्या-नाशिकच्या नोकरदार घरात हे पैसे कसे उभे राहतात? फ्लॅटची मूळ कागदपत्रे बँकेत जातात, एफडी मुदतीआधी मोडते, आईच्या पाटल्या सराफाकडे जातात. आणि पोरगा ब्रॅम्प्टनच्या एखाद्या तळघरात पाचसहा जणांत गादी टाकतो, रात्री गोदामात खोकी उचलतो. कामगार कमी पडले तेव्हा, नोव्हेंबर २०२२ मध्ये, विद्यार्थ्यांवरची आठवड्याला २० तास कामाची मर्यादा याच सरकारने उठवली. एप्रिल २०२४ अखेर गरजही सरली आणि मुभाही. गरज सरो वैद्य मरो, हे ओटावाच्या सरकारला कोणी शिकवायला नको.

आता म्हणतात, घरे पुरत नाहीत. पुरतील कशी? ज्या वर्षी पावणेतेरा लाख माणसे वाढली, त्या वर्षी देशभरात जेमतेम २ लाख ४० हजार घरांचे काम सुरू झाले. एवढी माणसे आणली तर घरभाडी भडकतील, असे खात्यातल्या अधिकाऱ्यांनी २०२२ मध्येच सरकारला बजावले होते. म्हणजे अजाणतेपणाचीही सबब नाही! घरे बांधण्यात कुचराई करणारे सुटले, भाडी वाढवणारे घरमालक सुटले, गिऱ्हाइकासारखी मुले भरणारी कॉलेजे सुटली. सापडला कोण, तर रांगेत उभा असलेला परका पोरगा.

या देशाला हे नवे नाही. रेल्वे बांधायला चिनी मजूर चालले. १८८५ मध्ये तो रूळ पूर्ण झाला आणि त्याच वर्षी येणाऱ्या चिन्यांवर माणशी ५० डॉलर डोईपट्टी बसली. १९२३ ते १९४७ तर त्यांना दार जवळपास बंदच. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजावरच्या ३७६ हिंदी प्रवाशांना व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने ताटकळत ठेवले आणि मोजक्यांखेरीज सगळ्यांना हाकलले. त्याबद्दल २०१६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत माफी मागितली. आठ वर्षांनी माणसे वजा करणारा तक्ता त्यांच्याच सरकारने मांडला. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे आम्हाला कळते. १९१४ मध्ये निदान आधी फी तरी घेतली नव्हती!

आणि दिल्लीश्वरांनीही कानांवर हात ठेवू नयेत. नोकरीसाठी माणसे धाडणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने नोंदणी लावली. शिक्षणाच्या नावाने दुकान थाटणारा मात्र त्यातून मोकळा. बनावट प्रवेशपत्रांमुळे शेकडो भारतीय मुलांवर कॅनडातून हद्दपारीची पाळी आल्याचे २०२३ मध्ये उघड झाले, तरी ही पळवाट बुजलेली नाही.

देशात कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा कॅनडाचा हक्क आम्ही नाकारत नाही. उद्यापासून दार लावायचे तर खुशाल लावा. पण आत घेतलेल्याच्या पायाखालची वाट मध्येच काढून घेऊ नका. प्रांतांच्या शिफारशीने कायम होण्याच्या जागा २०२५ साठी एका फटक्यात निम्म्यावर आणल्या, तेव्हा फी भरून, शिकून, दोन वर्षे काम करून त्या जागांकडे डोळे लावून बसलेल्यांनी जायचे कुठे? ज्या दिवशी परवाना दिला, त्या दिवशीचीच वाट त्याला शेवटपर्यंत मोकळी ठेवा. तेवढी दानत नसेल, तर आमच्या शहरांतल्या हॉटेलांत भरणारे तुमच्या कॉलेजांचे प्रवेश मेळावे आधी बंद करा.