झाकली मूठ सव्वा लाखाची

खान्देशात माणूस कमरेला जे लावतो ते लोकांना दिसावं म्हणूनच लावतो, असं माझं जुनं मत आहे. आधी किल्ल्यांचा जुडगा होता. मग बेल्टला क्लिपने अडकवलेलं मोबाईलचं पाऊच आलं. आता ज्याच्याकडे थोडा पैसा आणि थोडं राजकारण आहे, त्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असतं. जळगावातल्या एखाद्या मोठ्या लग्नात नीट बघा. शर्ट इन केलेला, उजवीकडे तपकिरी चामड्याचं होल्स्टर, त्यातून मूठ बाहेर. साहेब बुफेच्या रांगेत आले की पुढचे दोघं-तिघं आपोआप बाजूला होतात. भरीत-पुरी घ्यायला रिव्हॉल्व्हर! असो.

गंमत अशी की कायदा नेमकं याच्या उलट सांगतो. 'शस्त्र नियम २०१६' मधला नियम ३२ काढून वाचा. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा सॅकसारख्या पिशवीत हवं, पूर्णपणे झाकलेलं हवं, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पक्का ताबा हवा. अमेरिकेत 'लपवून बाळगणं' हा एक वेगळा प्रकार आहे. त्यावर राज्याराज्यांत वर्षानुवर्षं भांडणं झाली, २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा कडक नियम उडवला, आणि आज निम्म्याहून जास्त राज्यांत त्यासाठी परवानाही लागत नाही. आपल्याकडे परवाना मिळणं महाकठीण, पण एकदा मिळाला की झाकणं ही सवलत नाही, सक्ती आहे. म्हणजे लग्नातल्या त्या साहेबांची मूठ दिसली तिथेच नियम मोडला.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला खरोखर जिवाची भीती आहे त्याला शस्त्र झाकून ठेवणं जड जाणार नाही. आणि ज्याला ते झाकायचंच नाही, त्याला त्याची गरज नाही.

हे सगळं डोक्यात आलं ते धुळ्याच्या मावसभावामुळे. त्याचं जिनिंग आहे, कापसाच्या सीझनमध्ये हातात रोकड खेळते, मागच्या वर्षी दोनदा कोणीतरी गाडीचा पाठलाग केला म्हणतो. म्हणून त्याला परवाना हवाय. "तू कॉम्प्युटरवाला, नेटवर बघून सांग, कोणतं घ्यावं आणि कुठे लावावं," असा मेसेज आणि खाली यूट्यूबच्या तीन लिंका. आमच्या फिल्डमध्ये क्लायंट असाच येतो. प्रॉब्लेम काय ते सांगत नाही, सोल्युशन खिशात घेऊनच येतो.

तिन्ही लिंकांतले गोरे बाबा ग्लॉक १९ आणि सिग पी ३६५ वर बोलत होते. दोन्ही ९ मिलिमीटरची. दादा, ९ मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. .३८ आणि .४५ सुद्धा. तुझ्यामाझ्यासारख्याला मिळतं ते .३२ किंवा .२२. आयातही सर्वसामान्य परवानाधारकांसाठी १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे जुनी परदेशी पिस्तुलं हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती ऐकून सराफ बाजारातला माणूससुद्धा दचकेल. थोडक्यात, अमेरिकन यूट्यूबवरचं नव्वद टक्के ज्ञान इथे कचरा आहे. (उरलेल्या दहा टक्क्यांकडे येतो.)

मग उरतं काय? कानपूरच्या सरकारी कारखान्यांची .३२ ची रिव्हॉल्व्हरं. जुनं मॉडेल नळी खाली झुकवून उघडायचं, जड आणि दणकट. जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' आलं. दिल्लीच्या निर्भयाच्या नावावरून नाव, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा १ लाख २२ हजारांच्या आसपास. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरलेली मी दुसरीकडे पाहिली नाही :) ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबळ' आलं, चक्र बाजूला सरकवून उघडणारं, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. त्याची जाहिरात पन्नास मीटर पल्ल्याची होती. पन्नास मीटरवरच्या माणसापासून वाचायला रिव्हॉल्व्हर लागत नाही, पाय लागतात. याशिवाय .३२ चं 'अशनी' पिस्तूल आहे. वेब्ली अँड स्कॉट या जुन्या इंग्रजी नावाचं रिव्हॉल्व्हरही आता उत्तर प्रदेशातल्या संडिल्याला बनतं. आणि काडतुसं? वरणगावची फॅक्टरी आपल्याच जिल्ह्यातली, पण तिचा माल लष्कराचा. .३२ चं काडतूस पुण्याच्या खडकीतून येतं. पुण्यातल्या मित्रांनो, तुमच्या ऑफिसच्या वाटेवर.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, यावर लोक तासन् तास भांडतात. माझं मत: जो दर महिन्याला सराव करणार नाही त्याने पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये. पिस्तुलात काडतूस चेंबरमध्ये आहे की नाही, सेफ्टी वर की खाली, काडतूस अडकलं तर काय करायचं, हे हातांना पाठ असावं लागतं. रिव्हॉल्व्हर बिचारं साधं. नाही उडालं तर पुन्हा ट्रिगर ओढा, पुढचं काडतूस समोर येतं. आणि सराव म्हणजे शेतात जाऊन नारळावर नेम धरणं नव्हे. तो रेंजवर, शिकवणाऱ्यासमोर करायचा. २०१६ च्या नियमांनी अर्जासोबत सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागितलंय ते उगाच नाही.

पण साधं म्हणजे निर्धोक नव्हे. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे गोविंदाच्या पायात गोळी घुसली ती त्याच्या स्वतःच्या, परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची. प्रवासाला निघायच्या आधी ते ठेवताना हातातून निसटलं आणि उडालं, असं त्यानेच सांगितलं. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या मागे टेकलेला असतो, मधला अडसर झिजला किंवा तुटला की एक धक्का पुरतो. म्हणून जुनी माणसं घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायची. दादा, सेकंडहँड घ्यायचं मनात असेल तर आधी ते जाणकार शस्त्र-कारागिराला उघडून दाखव. नवं घेतलंस तरी बाळगताना एक घर कमी भर, पाच पुरतात.

आता कुठे लावायचं. इथे ते दहा टक्के कामाचे आहेत, कारण शरीर सगळीकडे सारखंच असतं. हवामान मात्र नाही! गोरे बाबा जॅकेटच्या आत लपवतात. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा जॅकेट घातलेला माणूस शंभर पावलांवरून ओळखू येईल. म्हणजे उरतो बाहेर सोडलेला सैल शर्ट किंवा झब्बा, आणि पँटच्या आतल्या बाजूला बसणारं होल्स्टर. त्यात घामाने रिव्हॉल्व्हर गंजतं, रोज पुसावं लागतं. साधा बेल्ट सातशे ग्रॅमने खाली ओढला जातो, दुपारपर्यंत माणूस सारखा पँट वर घेताना दिसतो आणि बघणाऱ्याला सगळं कळतं. बेल्ट जाड, दुपदरी हवा. होल्स्टर असं हवं की ट्रिगर पूर्ण झाकला जाईल आणि उलटं धरलं तरी हत्यार पडणार नाही. कापडी, सगळ्या मापांना चालणारं होल्स्टर घेऊ नकोस. आणि होल्स्टरशिवाय नुसतं कमरेत खोचणं हा सिनेमा आहे, त्याचा शेवट मांडीत होतो.

बायकांना पर्समध्ये ठेवा म्हणतात. 'निर्भीक'ची जाहिरातही साधारण तशीच झाली, पर्समध्ये मावतं म्हणून. मला ते अजिबात पटत नाही. आपल्याकडे बाईकवरून येऊन काय हिसकावतात? मंगळसूत्र आणि पर्स. पर्स गेली की सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर चोराच्या हातात. पक्का ताबा म्हणतात तो हा नव्हे. बॅग खांद्यावर, खुर्चीवर, गाडीत राहते. अंगावरचं अंगावर राहतं.

ताबा सुटला की काय होतं ते ८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत दिसलं. अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. तपासात पुढे आलं की पिस्तूल मारणाऱ्याचं नव्हतंच, त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. परवाना शस्त्राला नसतो हो, माणसाला असतो.

खान्देशातली भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये भुसावळात नगरसेवक रवींद्र खरात यांच्यासह पाच जणांना मारलं. मे २०२४ मध्ये तिथेच गाडीत बसलेल्या माजी नगरसेवकासह दोघांना गोळ्या घातल्या. पण गाडीतला प्रसंग डोळ्यासमोर आणून बघा. सीटबेल्ट लावलेला, शर्ट त्याच्याखाली, कमरेचं होल्स्टर सीट आणि दरवाज्याच्या मध्ये दाबलेलं. समोरच्याचं हत्यार आधीच हातात असतं. वेळ तो निवडतो, तुम्ही नाही. रोकड लुटणारे डोळ्यांत मिरचीपूड टाकतात, तेव्हा .३२ काय आणि .४५ काय? दादाला मी आधी विचारलं होतं: रोकड एकट्याने का नेतोस? रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने का? बँकेतून का नाही फिरवत? त्याचं उत्तर आलं अहिराणीत, "लोकेस्ले दिसाले पाहिजे ना भाऊ, की आपलाकडे शे!" म्हणजे रिक्वायरमेंट सरतेशेवटी कळली.

दिसलं की लोक घाबरतात हे खरं. पण ज्याला खरंच मारायचंय तो घाबरत नाही, तो तयारीने येतो. त्याला कळतं की हा हत्यारबंद आहे, मग तो एकाऐवजी तिघं आणतो, समोरून येण्याऐवजी मागून येतो. आणि गोळी उडालीच, तर पुढे भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ आहेत. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर हक्कच नाही. मिरवून झालेल्या माणसाचं स्वसंरक्षण सिद्ध करायचं म्हणजे वकिलाच्या नाकी नऊ.

आणखी एक आपल्या भागाची खास अडचण. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते महाराष्ट्रापुरतं असेल तर शिरपूर ओलांडून पळासनेरपर्यंतच. पुढे सेंधव्याला कापसाचा सौदा करायला त्याच कमरेने गेलास की तू विनापरवाना. रावेरहून बऱ्हाणपूर, तीच कथा. नवापूर स्टेशनवर तर अर्धा प्लॅटफॉर्म गुजरातमध्ये आहे, तिथे कुठल्या बाकावर बसायचं तेही बघून बस. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. लग्नात हवेत उडवलंस तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवाना मिळत नाही म्हणून 'उमर्टी'चं नाव काढणारेही भेटतात. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा तालुक्याला लागून, सीमेपलीकडे मध्य प्रदेशात हे गाव. शिकलगारांची लोखंडकामाची जुनी कला तिथे गावठी कट्ट्यांत गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवाईला गेलेल्या जळगावच्या पोलिसालाच तिथे पळवून नेलं होतं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी जाऊन भट्ट्या तोडल्या. पुण्यातल्या गँगांपर्यंत माल पोचतो म्हणूनच ना! बनवणाऱ्या-विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि घेणाराही सुटत नाही. ते हत्यार हातात फुटणार नाही याची हमी कोण देणार? ज्याने दिलं तो तर ओळखही दाखवणार नाही. यावर जास्त लिहायची गरज नाही.

लिहायची गरज आहे ती घरातल्या कपाटावर, कारण दिवसातले वीस तास हत्यार कमरेला नसतंच, घरी असतं. अर्ज करताना ते सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. आमच्याकडे घरोघरी गोदरेजचं कपाट, आणि त्याची किल्ली देवघरातल्या डबीत. ती कुठे आहे हे घरातल्या आठ वर्षांच्या पोरालासुद्धा माहीत असतं, कारण दिवाळीच्या साखळ्या-बांगड्या काढायला त्यालाच पाठवतात. दादाची दोन मुलं त्याच वयाची आहेत. त्याला सांगितलंय, आधी भिंतीत छोटा लॉकर बसवून घे, नंबरचा, नंबर फक्त तुझ्या डोक्यात. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. मिस्त्री आला की लॉकरचा फोटो पाठव, मग होल्स्टरचं माप घेऊ.