भूगोल कशासाठी शिकवायचा?

मार्च २०२० मध्ये दहावीच्या परीक्षेचा अखेरचा पेपर, भूगोलाचा, साथीमुळे होऊ शकला नाही. पुढे तो रद्द झाला आणि इतर विषयांतील गुणांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता हे मान्य; परंतु गणिताच्या बाबतीत हेच घडते तर जो गहजब झाला असता, तो भूगोलासाठी झाला नाही. चाळीस गुणांचा, पाठांतराने ‘निघणारा’ विषय हीच त्याची प्रतिमा पालकांच्या, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ शाळांच्याही, मनात रुजली आहे.

ही प्रतिमा अध्यापनाच्या रीतीतून घडली. कोयना महाबळेश्वरी उगम पावते व कऱ्हाडला कृष्णेस मिळते, एवढे लिहिले की गुण पदरात पडतात. वस्तुतः भूगोलाचा आरंभ तेथून व्हावयाचा असतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशेच्या घरात घुटमळतो. पर्जन्यछायेचा प्रदेश ही संज्ञा मुलांना पाठ असते. मात्र त्या छायेत राहणाऱ्यांनी पाणी कोठून आणावयाचे, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. कोयनेचे अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरवून वीज निर्माण केली जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात त्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी मान्य केले. वीज निर्माण झाल्यावर ते वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास मिळते. इकडे जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचे पाणी पूर्वेकडे माण-खटावसाठी उचलायचे, तर त्या पंपांना पुन्हा वीजच लागते! पाणी पश्चिमेस सोडावे की पूर्वेस राखावे, विजेचा लाभ कोणाला आणि तहानेची किंमत कोणी मोजावी, हे वाद अभियंते व मंत्री यांच्यापुरते राहता कामा नयेत. उद्याच्या मतदाराला त्यांतील दोन्ही बाजू समजाव्यात, हे शालेय भूगोलाचे पहिले प्रयोजन होय. नद्यांची लांबी त्याला कोठेही शोधता येईल.

अभ्यासक्रम संपवण्याची घाई आणि सहलीच्या परवानग्या यांनी शिक्षक गांजलेला असतो, हे खरे आहे. परंतु शाळेच्या आवारातील पर्जन्यमापक, गावचा नकाशा आणि आषाढात व चैत्रात मोजलेली विहिरीची पातळी यांना फारसा खर्च येत नाही. अडचण आहे ती प्रश्नपत्रिकेची. कोणत्या पिकाला किती पाणी, हे विचारले जाते. अवर्षणग्रस्त तालुक्यात ऊस का वाढला, हे क्वचितच. त्याच्या उत्तरात साखर कारखाना, हमखास मिळणारा दर आणि विजेची सवलत येईल. तपासणाऱ्याचे काम वाढेल आणि दोन विद्यार्थ्यांची उत्तरे सारखी असणार नाहीत. परीक्षा मंडळाला नेमकी हीच गोष्ट गैरसोयीची वाटते.