निर्धूर चूल धूर का सोडते?



उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅस घरोघर पोचला. तरी आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण आणि भाकरी यांसाठी चूल अजून पुष्कळ घरांत पेटते. सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ साली बंद झाला. त्या वेळची, किंवा तशीच पुढे बांधलेली, धुराड्याची चूल तुमच्याकडे असेल आणि ती धूर सोडत असेल, तर मोडू नका. बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते, कोंडलेली असते.

आधी परीक्षा घ्या. चूल पेटवून पाच मिनिटांनी तिच्या तोंडाशी उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला, तर धुराडे चांगले. बाहेर आला, तर वाट कोंडली आहे.

साफसफाई महिन्यातून एकदा करावी. चूल रात्रभर गार होऊ द्या. राख काढून चूल व वैल ओल्या पोत्याने झाका, नाकाला फडके बांधा. बांबूला गोणपाटाचा ओला बोळा बांधून धुराड्यात वरून खाली फिरवा. मग चुलीतून वैलाकडे जाणारे भोक मोकळे करा. राख व काजळी तिथेही साचते. जुन्या सिमेंटच्या पाइपात ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. तारेचा ब्रश लावू नका, पाइप कापू किंवा फोडू नका.

आता भेगा पाहा. भेगेतून गार हवा आत शिरली, की धुराड्याची ओढ कमी होते. दोन भाग माती, एक भाग शेण व मूठभर बारीक भुसा रात्रभर भिजवा. नुसती काळी माती घेऊ नका, ती वाळली की तडकते. तांबडी माती किंवा चाळलेला मुरूम मिसळा. भेग ओली करून लिंपा, दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या, मग मंद जाळ करा. चुलीचे तोंड झिजून मोठे झाले असेल, तर लिंपून पहिल्याइतके करा. वैलावर भांडे नसेल, तेव्हा झाकण ठेवा.

शेवटची गोष्ट बंधूंना. चुलीला पोतेरे घरची बाई रोज फिरवते. छपरावरचे धुराडे मात्र कुणाचेच नसते. धूर तिच्या डोळ्यांत आणि जवळ बसलेल्या पोराच्या छातीत जातो. लहान मुलांच्या न्यूमोनियाचे हे एक मोठे कारण आहे. अमावस्येला अनेक गावांत औत जुंपत नाहीत. तोच दिवस धुराड्याला द्या. शिडी भक्कम लावा, खाली कुणाला तरी धरायला उभे करा आणि पावसाळ्यात ओल्या कौलांवर चढू नका.