मरुत्सखा, मरुत आणि टाळला जाणारा प्रश्न : इंजिन कोणते?

१/ शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ उडवून राइट बंधूंना आठ वर्षे मागे टाकले, ही कथा पुन्हा पुन्हा नव्या उत्साहाने पसरवली जाते. सांगणारे उड्डाणाची उंची सांगतात, उपस्थित थोरांची नावे सांगतात. इंजिनाविषयी विचारले की उत्तर एका शब्दात संपते : पारा.

२/ वस्तुतः कोणत्याही विमानाविषयीचा पहिला प्रश्न इंजिनाचाच असतो. पंख कागदावर रेखाटता येतात. कमी वजनात पुरेशी शक्ती देणारे यंत्र मात्र घडवावे लागते. वेग दुप्पट करायचा तर हवेचा रोध ढोबळमानाने चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. लातूरच्या शिकवणी वर्गातील अकरावीचा विद्यार्थीही हे गणित अर्ध्या पानात मांडील.

३/ राइट बंधूंना बाजारात योग्य इंजिन मिळाले नाही. त्यांचे कारागीर चार्ली टेलर यांनी ते सायकलींच्या कार्यशाळेत घडवले. शक्ती सुमारे १२ अश्वशक्ती. १७ डिसेंबर १९०३ रोजीचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. त्याचे छायाचित्र आहे, रोजनिशीतील नोंद आहे, घरी पाठवलेली तार आहे.

४/ ‘मरुत्सखा’चे इंजिन किती वजनाचे? किती अश्वशक्तीचे? पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. शिवाय तो इंधन नव्हे. तो तापवायला उष्णता दुसरीकडूनच आणावी लागते. ‘केसरी’त बातमी आली होती, असे म्हणणाऱ्याने अंकाची तारीख आणि पान दाखवावे. इतिहासात ऐकीव हवाल्याला पुराव्याचा दर्जा नसतो.

५/ ‘वैमानिक शास्त्रा’चा आधारही टिकत नाही. सुब्बराय शास्त्री यांनी ते १९१८ ते १९२३ या काळात सांगितले आणि लिहून घेतले गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली ते तपासले : ग्रंथ प्राचीन नाही आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत.

६/ ‘विमान मानवरहित होते’ ही पळवाटही निरुपयोगी. मानवरहित यंत्र लँग्लीने १८९६ साली वाफेच्या इंजिनावर सुमारे एक किलोमीटर उडवले होते. राइट बंधूंचा मान माणसासह केलेल्या, नियंत्रित उड्डाणाचा आहे. मग मागे टाकले ते कोणाला?

७/ इंजिनाची किंमत भारताने खरोखर मोजली ती दुसऱ्या ‘मरुत’मध्ये. कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेले हे एकआसनी लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. आराखडा ध्वनीच्या दुप्पट वेगाचा. मात्र त्यासाठी गृहीत धरलेल्या ऑर्फियस १२ इंजिनाचा विकास ब्रिटनने सोडला आणि भारताने त्याचा खर्च उचलला नाही. कमी शक्तीची दोन ऑर्फियस ७०३ इंजिने बसवावी लागली. उत्तम बांधणीचे विमान ध्वनीच्या वेगापाशीच अडखळले.

८/ या दंतकथेच्या गोंगाटात खरी मराठी नावे हरवतात. कोल्हापूर जिल्ह्यातील विष्णू माधव घाटगे यांनी गटिंगन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. त्यांच्या नेतृत्वाखाली आराखडा झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली उडाले. इंजिन सिरस मेजर, १५५ अश्वशक्ती. मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव २०१७ साली त्याची अधिकृत नोंदणी मिळेपर्यंत कागदपत्रांशी झगडले. तळपदे यांच्या जिज्ञासेचा आदर करायला खोट्या विक्रमाची गरज नाही.

९/ म्हणून नांदेड-लातूरच्या इतिहासप्रेमी गटांत हा संदेश पुन्हा आला, तर तो पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : इंजिन कोणते, वजन किती, मूळ नोंद कुठे? उत्तर आले नाही तर संदेश तिथेच थांबवावा आणि त्या जागी घाटगे यांचे नाव लिहावे.