विचारल्यानं धर्म बुडत नाही

ज्यू धर्मावरचं आमच्या वलगावातल्या एका व्याख्यात्यांचं मत चार वाक्यांत आटोपतं. तोरा म्हणजे 613 हुकूम. ते पाळायचे, विचारायचं काही नाही. आणि कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना तेवढंही ठाऊक नव्हतं. शनिवारी घाणा बंद ठेवला की झाला त्यांचा धर्म! तोराची पाच पुस्तकं उघडण्याची तसदी मात्र साहेबांनी घेतलेली दिसत नाही. घेतली असती, तर चौथ्यात ठेच लागली असती.

सलाफहाद नावाचा माणूस मुलाविना वारला. त्याच्या महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा या पाच मुली थेट देवाचे हुकूम आणणाऱ्या मोशेपुढे, सगळ्या मंडळीदेखत उभ्या राहिल्या. भाऊ नाही म्हणून बापाचं नाव का बुडावं? आम्हाला वाटा द्या. मोशेनं परस्पर निकाल न देता प्रकरण देवापुढे नेलं. देव म्हणाला, पोरींचं बरोबर आहे. मुलगा नसेल तर वतन मुलीकडे, असा कायदाच झाला. पुढे भाऊबंदांनी कुरकुर केली, तेव्हा लग्न आपल्याच वंशात करण्याची अट आली. भाऊबंदकी तिथंही होतीच. आता सांगा, विचारायला मनाई कितव्या हुकमात आहे? वडिलोपार्जित शेतात लेकीला लेकाइतका हक्क द्यायला आपल्या महाराष्ट्रात 1994 उजाडलं, तेही लग्न न झालेल्या मुलींपुरतं, देशभर 2005. आजही सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव काढायला हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात, वर साडीचोळी देतात आणि याला संस्कृती म्हणतात.

अब्राहामानं तर सदोम शहरासाठी देवाशीच घासाघीस केली, शहर वाचवायला लागणारा आकडा 50 नीतिमानांवरून 10 वर आणला. वल्हांडण सणाच्या रात्री प्रश्न विचारण्याचा मान घरातल्या धाकट्या पोराचा. ते प्रश्न असलेली त्या रात्रीची पोथी, हगादा, मराठीसह मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये छापली गेली.

राहिले शनवार तेली, म्हणजे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे तेच बेने इस्राएल. हाती ग्रंथ नसताना त्यांनी शनिवारचा शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता आणि शेमा ही प्रार्थना जपली, बिनखवल्याचा मासा वर्ज्य मानला. इस्रायलातल्या धर्ममार्तंडांनीही 1962 च्या सुमारास लग्नाआधी त्यांच्या वंशावळी तपासायला सांगितल्या होत्या. 1964 मध्ये नमतं घ्यावं लागलं. आमचे व्याख्याते अजून 1962 मध्येच आहेत.

माझं म्हणणं थोडकं आहे. नियम पाळणाऱ्याला त्याचं कारण विचारायचा हक्क असतो आणि विचारून पाळलेला नियम जास्त टिकतो. 20 डिसेंबर 1956 रोजी ज्या गाडगेबाबांनी इथल्याच पेढी नदीच्या पुलाजवळ देह ठेवला, त्यांचं कीर्तन लोकांना प्रश्न विचारतच रंगायचं. त्या गावात प्रश्नांना अधर्म म्हणायचं असेल, तर आधी बाबांनाच नास्तिक ठरवून या.